गुरुवारी, डिनरनंतर

थॉर्नशॉ, लँकाशर
२२ जानेवारी २०१२

डोरीन,

खाली सही बघून पत्र बाजूला टाकशील म्हणून आधीच सांगते. मी मेव्हिस. कर्शॉंची मेव्हिस, तुमच्या समोरच्या दारातली. तुझा पत्ता तुझ्या भावजयीकडून घेतला. ती द्यायलाच तयार नव्हती. म्हणाली, "इतकी वर्षं मूग गिळून बसलीस, आता कशाला उकरतेस?" मी तिला फ्रेयाचं कारण सांगितलं, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

फ्रेया माझी नात, दहा वर्षांची. तिला शाळेतून गृहपाठ आलाय. आजी-आजोबांना त्यांच्या शाळेच्या आठवणी विचारायच्या आणि दोन पानं लिहायची. चांगली पानं शाळेच्या भिंतीवर लागणार आहेत. ती वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "हं, सांग." मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, वर्गात कधी शब्दाला अडले नाही, आणि या चिमुरडीसमोर मला एक गोष्ट धड सांगता येईना.

दुधाचंच घे. शाळेत दूध यायचं, हातात मावेल एवढ्या बाटल्या. थंडीत गोठून वरचं पुठ्ठ्याचं झाकण बोटभर वर आलेलं असायचं. मग तो खोका शेगडीपाशी ठेवायचा आणि अकरा वाजता ते कोमट, घाणेरडं दूध सगळ्यांनी नाक धरून प्यायचं. इथवर ठीक आहे. पण वाटायचं कोण? मी फ्रेयाला छातीठोकपणे सांगितलं, मी. तिने लिहूनसुद्धा घेतलं. मग भांडी विसळताना आठवलं, मी कशी वाटणार, मला तो खोका जागचा हलायचा नाही. तू वाटायचीस. आणि माझी बाटली शेगडीपासून लांब, खिडकीत ठेवायचीस, कारण कोमट दुधाने मला उलटी व्हायची. की हे मी आता तुझ्या बाजूने रचतेय? मला खरंच सांगता येत नाही.

सगळंच असं झालंय. पटांगणाच्या टोकाचे ते संडास, तिथे एकटीने जायची भीती, म्हणून आपण जोडीने जायचो. एक आत, एक दाराबाहेर उभी राहून पाढे म्हणणार, म्हणजे आतलीला कळावं की बाहेर कोणीतरी आहे. मला सातचा पाढा ऐकू येतो, पण म्हणतंय कोण ते कळत नाही. युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती तरी बाँबपासून लपायची ती विटांची खोली पटांगणात तशीच उभी होती. आपण तिथे घर-घर खेळायचो. आई कोण व्हायचं? शुक्रवारी साबुदाण्याची खीर असायची, तिला सगळे बेडकाची अंडी म्हणायचे. माझी वाटी दर वेळी कोणीतरी गुपचूप संपवायचं. ते कोण? प्रत्येक आठवणीत दोन मुली आहेत आणि मी कुठली तेच समजेना.

फ्रेयाने शेवटी विचारलं, "आजी, तू त्या टोपीवाल्या मुलींच्या हायस्कूलात कशी गेलीस?" म्हटलं, परीक्षा असायची, अकराव्या वर्षी. जे पास ते तिकडे, बाकीचे पंधराव्या वर्षी गिरणीत. ती म्हणाली, "किती जणी पास झाल्या?" मी म्हटलं, आमच्या शाळेच्या वाट्याला त्या वर्षी एकच जागा होती. तिने लगेच लिहिलं, 'माझी आजी अख्ख्या शाळेतून एकटी निवडली गेली.' मी ते वाक्य वाचलं. वहीचं पान माझ्याकडेच होतं, खोडरबर टेबलावर पडलं होतं. मी वही तशीच तिला परत दिली.

डोरीन, १९६८ साली तू मला एक कार्ड पाठवलं होतंस. तू नुकतीच लग्न होऊन दक्षिणेत गेली होतीस. पुढे समुद्राचं चित्र, मागे एकच ओळ. 'इकडे डिनर रात्री असतं. तुला माहीत होतं का?' मी त्याचं उत्तर दिलं नाही. आज देते. नव्हतं माहीत. अकरा वर्षांची पोर होते मी. आपल्या वर्गाच्या फॅन्शॉ बाईंनी तुझ्या आईला निरोप दिला, मी तो पोचवला. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. एवढंच सांगायचं होतं, बाकी आठवणी बिठवणी निमित्त.

मेव्हिस

३० जानेवारी २०१२

डोरीन,

तुझं उत्तर नाही. आठ दिवसच झालेत म्हणा. मी चव्वेचाळीस वर्षं लावली आणि तुझ्याकडून आठ दिवसांत उत्तराची अपेक्षा करतेय, काय पण तोंड आहे माझं.

काल फ्रेयाला तो निरोपाचा किस्सा सांगितला. गंमत म्हणून सांगायला घेतला होता. म्हटलं, आमच्या गल्लीत डिनर म्हणजे दुपारचं. बाराचा भोंगा झाला की गिरणीतून माणसं यायची, बटाटे आणि काय असेल ते खायची आणि परत जायची. संध्याकाळी पाव, लोणी, चहा, त्याला टी म्हणायचं. फ्रेया म्हणाली, "मग लंच कधी?" मी म्हटलं, लंच आमच्याकडे नव्हतंच. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही उपाशी राहायचात?" मी खूप हसले. तिची आई लंडनची, तिच्या घरी डिनर रात्री साडेसातला असतं. पोरीला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना.

मग पुढचं सांगितलं. ते तुला माहीत आहे, पण मी फ्रेयाला कसं सांगितलं ते ऐक, म्हणजे कुठे चुकत असेन तर सांगशील.

फॅन्शॉ बाई त्याच वर्षी दक्षिणेतून आल्या होत्या. त्यांच्या बोलण्याची आपण पाठीमागे तोंड वाकडं करून नक्कल करायचो. तू तर हुबेहूब करायचीस. जूनमध्ये निकाल आला. जागा तुला मिळाली आणि मी राखीव, म्हणजे तू नाही गेलीस तर मी. तुझ्या आईने, म्हणजे आमच्या एडामावशीने, कागदावर सही करायला नकार दिला. एडामावशी म्हणाली होती, "हायस्कूल आपल्यासारख्यांचं नव्हे. उद्या टोपी घालून येशील आणि माझी ओळख शेजारीण म्हणून करून देशील." बाईंनी ते मनावर घेतलं. कपड्यांची, पुस्तकांची सोय होते, ते त्यांना समोर बसवून सांगायचं होतं. शुक्रवारी कागद परत जायचा होता. तू गालगुंडाने घरी पडलेली. म्हणून बुधवारी शाळा सुटताना त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "मेव्हिस, मिसेस एन्टविसलना सांग, उद्या गुरुवारी माझ्या घरी या म्हणावं. डिनरनंतर. सहीचा कागद घेऊन."

मी सांगितलं. एडामावशीने आपले माग शेजारणीकडे सोपवले, दुपारी गिरणीतून सुट्टी घेतली, प्रार्थनेला जायची हॅट घातली, हातमोजे घातले आणि एक वाजता बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, बाई मधल्या सुट्टीत जेवायला घरी आल्या असतील. बाई शाळेत मुलांना जेवण वाढत होत्या. घरमालकिणीने मावशीला आत घेतलं नाही. "त्या नाहीत," म्हणाली आणि दार लावलं. पाऊस होता. दीड तास ती पायरीवर उभी होती. मग घरी आली आणि कागद शेगडीत टाकला. आणि रात्री आठ वाजता बाई दोन कप मांडून बसल्या होत्या. हे मला नंतर कळलं.

फ्रेया म्हणाली, "पण कोणीच का नाही विचारलं, किती वाजता ते?" मी म्हटलं, बाळा, डिनर किती वाजता असतं हे कोण विचारतं? ती म्हणाली, "तुला तरी माहीत होतं का आजी, की त्या बाईंचं डिनर रात्री असतं?"

म्हणजे बघ, तू विचारलंस तेच. अगदी तेच शब्द.

तर मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगते. मला कळलं ते नंतर. मी एकदा बाईंच्या खोलीवर वह्या पोचवायला गेले होते. दुपारी बाराची वेळ. त्यांनी मला टोस्टवर अंडं दिलं. मी म्हटलं, "बाई, डिनर छान आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "डिनर रात्री गं. हे लंच." घरी येऊन सांगितलं तेव्हा आमचे बाबा खो खो हसले. "रात्री डिनर? मग टी काय मध्यरात्री पिते की काय ती?" पुढे महिनाभर आमच्याकडे तो विनोद चालू होता. जाताना बाईंनी मला टॉफी दिली, म्हणजे गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन तेव्हा उठलं होतं. ते उठलं त्रेपन्नच्या फेब्रुवारीत. म्हणजे निरोपानंतर आठ महिन्यांनी. मी तेव्हा हायस्कूलात होते, सुट्टीत बाईंना भेटायला गेले असणार. आणखी एक आठवतं, घरमालकीण स्वयंपाकघरात अॅप्रन तोंडाला लावून रडत होती. तिचं मांजर मेलं होतं बहुतेक.

तेव्हा हिशेब जुळतो. मला माहीत नव्हतं. झालं समाधान?

मेव्हिस

७ फेब्रुवारी २०१२

डोरीन,

हिशेब जुळत नाही.

काल राजाच्या, म्हणजे राणीच्या वडिलांच्या, मृत्यूला साठ वर्षं झाली म्हणून दिवसभर टीव्हीवर कार्यक्रम चालले होते. तूही बघितले असशील. मी इस्त्री करत होते. त्यात एकाने सांगितलं, त्या दिवशी रेडिओने सकाळी बातमी दिली आणि मग दिवसभर सगळे कार्यक्रम बंद ठेवले, नुसत्या बातम्या. मी इस्त्री तशीच धरून उभी राहिले. उशीच्या अभ्र्यावर डाग पडला.

बाईंच्या खोलीवर रेडिओ चालू होता, त्यातून काहीच येत नव्हतं, नुसती खरखर. बाईंनी तो बंदही केला नव्हता. घरमालकीण रडत होती. "बिचारा, बिचारा," म्हणत होती. मी इतकी वर्षं समजत होते की मांजर.

वह्या मी नेल्या होत्या कारण त्या दिवशी बाईंनी वर्गात बातमी सांगितली आणि त्यांचा आवाजच बसला. मला म्हणाल्या, "मेव्हिस, मला घरापर्यंत सोबत कर." हायस्कूलातली मुलगी प्राथमिक शाळेच्या वह्या कशाला उचलेल? मागच्या पत्रात मी हे लिहिलं आणि माझ्याच ध्यानात आलं नाही. पस्तीस वर्षं मुलांच्या निबंधांतल्या चुका काढल्या मी.

आणि टॉफी. ती अर्धी होती. बाईंनी सुरीने कापली, अर्धी मला दिली, अर्धी कागदात गुंडाळून ठेवली. रेशन उठल्यावर अर्धी टॉफी कोण देतं?

म्हणजे तो बावन्नचा फेब्रुवारी. निरोप जूनमधला. चार महिने आधी मी बाईंच्या टेबलाशी बसून ऐकलं होतं की त्यांचं डिनर रात्री असतं.

आता तू म्हणशील, मग झालं की, सांग ना सरळ. पण सरळ काय ते मलाच कळेना गं. माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं एकच का? मी जूनमध्ये बाईंसमोर उभी होते, त्या म्हणाल्या "डिनरनंतर", तेव्हा मला अंडं आणि टोस्ट आठवलं का? मुलं विसरतात. मी सातचा पाढा दर सुट्टीनंतर विसरायचे. पण आमच्या घरी महिनाभर तो विनोद चालला होता. विनोद कोण विसरतं?

मला एवढं मात्र पक्कं आठवतं की मी शब्द बदलला नाही. बाई म्हणाल्या डिनर, मी म्हटलं डिनर. साठ वर्षं मी हेच स्वतःला सांगत आलेय. शब्द बदलला नाही. काल पहिल्यांदा वाटलं की मला तो बदलावासा वाटलाच नसेल, कारण तो आहे तसाच माझ्या कामाचा होता.

मला बरं वाटत नाहीये, इथेच थांबते.

मेव्हिस

२६ फेब्रुवारी २०१२

डोरीन,

तू उत्तर देत नाहीस ते बरं करतेस. दिलं असतंस तर मी इथवर आले नसते. "जाऊ दे, लहान होतीस," असं काहीतरी तू लिहिलं असतंस आणि मी ते घट्ट धरून बसले असते.

बुधवारचं सगळं सांगते. मध्ये अडवू नकोस, म्हणजे मीच मला अडवणार नाही.

शाळेतून आले ती आमच्या पायरीवर बसून राहिले. एडामावशी साडेपाचला आली. तिच्या केसांत कापसाचा भुगा होता. मला म्हणाली, "काय गं, चेहरा का असा? खाल्लं नाहीस वाटतं." आणि आत गेली. मी मागोमाग जाणार, तर आमच्या आईने दारातून हाक मारली. "त्या घरात पाऊल टाकलंस तर याद राख. गालगुंड आहे तिकडे." म्हणून मी तुमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेले आणि काचेवर टकटक केलं.

मावशी आली. खिडकी उघडली नाही, आमच्या आईकडे बघून नुसती हसली. तिला उघडायची गरजही नव्हती. गिरणीत मागांच्या खडखडाटात कोणाला कोणाचं ऐकू यायचं नाही, सगळ्या बायका ओठांवर बोलायच्या. रस्त्याच्या या टोकाहून त्या टोकाला त्या आवाज न काढता गप्पा मारायच्या, आणि आपल्याला दोघींनाही ते येत होतं. आपण वर्गात त्याचा किती फायदा घेतला आठव.

मी ओठांनी सांगितलं, बाईंनी बोलावलंय, उद्या, त्यांच्या घरी, डिनरनंतर, कागद घेऊन.

तिने मान डोलावली. मग थोडं थांबली. मावशी काही खुळी नव्हती. तिला बाईंचं बोलणं वेगळं आहे हे माहीत होतं, तुझ्याकडून नक्कल ऐकली होती तिने. तिने एक बोट वर केलं आणि ओठांनी विचारलं, "एक वाजता?"

डोरीन, तिने विचारलं होतं. फ्रेया म्हणाली ना, कोणीच का नाही विचारलं, तर विचारलं होतं. मी फ्रेयाला ते सांगितलं नाही. तुला पहिल्या तीन पत्रांत सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला अख्ख्या संसारात सांगितलं नाही.

गेले तीन आठवडे मी रोज त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहतेय. काचेवर मावशीचा श्वास आलेला दिसतो, एक बोट दिसतं. पुढे मी काय केलं तेवढंच दिसत नाही. कधी वाटतं, मी नुसती उभी राहिले. कधी वाटतं, आईने हाक मारली आणि मी पळाले. कधी वाटतं, मावशीनेच उत्तराची वाट न बघता पडदा सोडला. सगळंच खरं वाटतं. पण तिने दुपारची सुट्टी काढली, हॅट घातली आणि बरोबर एक वाजता गेली. माणूस असं कोणाच्या तरी हो वर जातं.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. हेच झालं.

हायस्कूल हवं होतं मला. ती टोपी हवी होती. तू हुशार होतीस, सगळ्यांना माहीत होतं, मलाही, आणि तू जाणार म्हणून मला आनंदही झाला होता, खोटं नाही सांगत. दोन्ही एकदमच होतं. मी ठरवून काही केलं नाही. तिने विचारलं आणि मान हलली, आणि मग ती परत घेता आली नाही.

परत घ्यायला वेळ नव्हता असं नाही. शुक्रवारी बाई स्वतः तुमच्या दारात आल्या. मावशी दाराची पायरी घासून आत गेली होती. तिने दार उघडलं नाही, पडदा तेवढा हलला. मला आमच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. दोन पावलं टाकून रस्ता ओलांडला असता आणि म्हटलं असतं, की मावशी, बाई रात्री वाट बघत होत्या, चूक माझी, तर सही झाली असती. बाई पाच मिनिटं उभ्या राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू निरोप नीट दिलास ना मेव्हिस?" मी म्हटलं, "हो बाई. डिनरनंतर म्हणून सांगितलं."

पुढच्या आठवड्यात जागा मला मिळाली. तुझी आई नंतर कधी आमच्या आईशी बोलली नाही, आणि बाईंबद्दल म्हणायची, "गरिबाला पायरीवर उभं करून मजा बघतात." आणि तू मला अंगणात गाठून विचारलंस, "तू नक्की काय सांगितलंस?" मी म्हटलं, बाईंनी सांगितलं तेच. तू त्यावर विश्वास ठेवलास. सोळा वर्षं ठेवलास, दक्षिणेत जाईपर्यंत.

काल फ्रेयाला बोलावून ते वाक्य खोडायला लावलं. ती म्हणाली, "मग तिथे काय लिहू?" मी म्हटलं, 'ती जागा डोरीन एन्टविसलची होती. माझ्या आजीने ती खोटं सांगून घेतली.' पोरीने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "हे भिंतीवर लागेल आजी." मी म्हटलं, लागू दे. तिने लिहिलं. आता ती माझ्याशी फार बोलत नाही, पण येते.

क्षमा माग असं कोणी मला सांगितलेलं नाही आणि मी ती मागतही नाही. कशाच्या तोंडाने मागू? तू विचारलं होतंस, माहीत होतं का. होतं.

मेव्हिस

१० मार्च २०१२

डोरीन,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पोस्टमन गेल्यावर मी ते तासभर टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. मग उघडलं. माझ्या चार पत्रांना तुझ्या आठ ओळी. इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलंय की नाही ते तुला कळेल.

'मेव्हिस, दूध मी वाटायचे. खीरही मीच खायचे, मला आवडायची. पाढे तू म्हणायचीस, आणि सात आठे नेहमी चुकवायचीस. गालगुंड झालं होतं मला, डोळे शाबूत होते. पलंग खिडकीला लागून होता. आईने बोट वर केलं ते मी पाहिलं आणि तू मान हलवलीस तीही पाहिली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. इथे आल्यावर कळलं. तुला कार्ड टाकलं ते तू स्वतः सांगावंस म्हणून. आई जाईपर्यंत मी वाट बघितली. गुरुवारी १५ तारखेला ये. डिनरनंतर. डोरीन.'

म्हणजे तुला माहीत होतं. मी तीन आठवडे त्या काचेशी उभी राहून डोकं फोडत होते, आणि काचेच्या पलीकडे तू होतीस. मला तू कधी दिसलीच नाहीस त्या आठवणीत. तुझा पलंग, तुझ्या डोक्याला बांधलेला फडका, काहीच नाही. मी तुला तिथून काढून टाकलं होतं. आता तू दिसतेस, आणि आता मला तू दिसायची थांबत नाहीस.

आणि एडामावशीला हे कधी कळलंच नाही का? ती शेवटपर्यंत समजत राहिली की बाईंनी तिला पायरीवर उभं करून अपमान केला? हे मी तुला समोर आल्यावर विचारणार आहे. सांगायचं नसेल तर सांगू नकोस.

तुझं ते शेवटचं वाक्य. मी हसले, आणि मग हसता येईना. तू चव्वेचाळीस वर्षं तिकडची आहेस, तुझं डिनर आता रात्रीचं झालं असेल. पण लिहिताना तू आपल्या गल्लीतली होतीस, तेव्हा दुपारचंही असेल. फ्रेया म्हणाली, "फोन करून विचार ना, किती वाजता ते." नंबर तुझ्या भावजयीकडे आहे. मी तिला म्हटलं, नाही, या वेळी मी विचारणार नाही. तू ते मुद्दाम लिहिलंयस, आणि ते कसं वाचायचं हे सांगायला तू मला बांधील नाहीस.

बुधवारी संध्याकाळी तुमच्या गावात पोचते, स्टेशनजवळ खोली घेतली आहे. गुरुवारी हॅट घालून, हातमोजे घालून एक वाजता तुझ्या दारात येते. रात्रीचं असेल तर आठपर्यंत थांबेन. नऊ वाजले तरी हरकत नाही. गुडघे दुखतात, पण एडामावशीचेही दिवसभर मागांपाशी उभं राहून दुखतच असणार. त्या दिवशी तिच्याकडे छत्री नव्हती, मी आणणार नाही.

मी पायरीवर असेन. दार उघडायची घाई करू नकोस.

मेव्हिस